नाडीच्या हिशेबाने धावणे

धावण्याचा सराव दोन तऱ्हेच्या दिवसांनी घडतो, सावकाश धावण्याच्या आणि जोरात धावण्याच्या. सावकाश दिवसांनी दमसास वाढतो, जोराच्या दिवसांनी वेग येतो. हे दोन्ही दिवस एकमेकांत मिसळू न देणे हे सरावातले सगळ्यात अवघड काम आहे. ताज्या पायांना कोणताही वेग सोपा वाटतो. सोबत कोणी असले की तो नकळत वाढतो, आणि सावकाश ठरवलेली फेरी मध्यम वेगावर येऊन ठेपते. धावणाऱ्याला हे त्या वेळी कळत नाही. त्याच्या हृदयाला मात्र कळलेले असते, आणि ते मिनिटाच्या ठोक्यांत मोजता येते. अंतर आणि वेळ यांवरून पायांनी किती काम केले ते समजते. त्या कामाची शरीराला काय किंमत पडली, ते नाडी सांगते.

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडला या विषयाची निकड मोठ्या शहरांतल्या हौशी मॅरेथॉनपटूंपेक्षा वेगळी आहे. येथे पहाटे वाशिम रस्त्याने, लोणार रस्त्याने किंवा सेनगावच्या दिशेने धावणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते, नाहीतर सैन्य. सोयाबीन आणि तुरीच्या कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात वर्दीची नोकरी म्हणजे दरमहा ठरलेला पगार, आणि त्याचा एक दरवाजा मैदानावर उघडतो. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण 50. त्यातले 20 लांब धावण्याचे असतात, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. मुलाला पूर्ण गुण हवे असतील तर 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत संपवावे लागतात. चारशे मीटरच्या मैदानावर एकेक फेरी साधारण 77 सेकंदांची, म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटांहून थोडा कमी वेळ. हा वेग थट्टेवारी नेण्याजोगा नाही. दोन-चार सेकंदांवर गुण आणि गुणांवर नाव लागणे अवलंबून असते, म्हणून भरतीची मुले रोज घड्याळ लावून सोळाशे मारतात आणि रोज ‘टायमिंग’ पाहतात. सराव बहुतेकांचा इथेच बिघडतो. महिनाभर टायमिंग सुधारते, मग अडकते, नंतर नडगी दुखू लागते. पुढचा महिना पायाला बर्फ चोळण्यात जातो.

रोज जोर लावण्यामागे एक समज असतो, की चाचणी पाच मिनिटांची असल्याने सरावही पाच मिनिटांच्या जोराचाच हवा. शरीराचा हिशेब निराळा आहे. सोळाशेच्या जवळची शर्यत 1500 मीटरची. ती धावताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 80 टक्क्यांहून अधिक ऊर्जा श्वासातून आलेल्या प्राणवायूच्या आधाराने तयार होते. आठशे मीटरला हे प्रमाण साधारण दोन तृतीयांश असते. शेवटच्या फेरीत पाय जड करणारी उरलेली ऊर्जा लक्षात राहते, म्हणून तिचेच महत्त्व मोठे वाटते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा, महार रेजिमेंटमधून पुढे आलेला अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 9.91 सेकंदांत धावला आहे. त्याच साबळेने 2020 साली दिल्लीत 21.1 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली. आठ मिनिटांची शर्यत आणि तासाभराची शर्यत एकाच दमसासावर उभी राहू शकते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण मराठी मुलांना मिळणार नाही.

हा दमसास हृदयाच्या रचनेतून येतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला 70 ठोके धरले तर ते पाच लिटरच्या आसपास होते. जोरात धावताना न सरावलेल्या तरुणाचे हृदय मिनिटाला वीस लिटरच्या घरात पोचते, तर चांगल्या सरावलेल्याचे तीस लिटरच्याही पुढे जाऊ शकते. ठोक्यांची कमाल मर्यादा दोघांचीही जवळपास सारखीच असते, कारण सरावाने ती फारशी वाढत नाही. वाढते ते एका ठोक्यात जाणारे रक्त. महिनोन्‌महिने सावकाश धावण्याने डावी जवनिका मोठी आणि लवचिक होते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे संख्येने वाढतात. मग त्याच वेगाला कमी ठोके पुरतात. विश्रांतीची नाडीही याच कारणाने खाली येते. सर्वसाधारण प्रौढाची नाडी मिनिटाला 60 ते 100 असते, तर लांब पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये 50 किंवा त्याहून कमी नाडीही निरोगी असू शकते.

नाडी मोजायला उपकरण लागत नाही. रिसोडच्या मुलांसाठी ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. धावता धावता थांबावे, तर्जनी आणि मधले बोट हनुवटीच्या खाली, श्वासनळीच्या बाजूच्या खोलगट जागी हलकेच टेकवावे, नजर सेकंदकाट्यावर ठेवावी आणि दहा सेकंदांतले ठोके मोजून सहाने गुणावे. पहिला ठोका शून्य धरून मोजायला लागायचे. तो एक धरला की मिनिटामागे सहा ठोके वाढतात. बोटे दाबायची नाहीत, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी तर कधीच नाही, कारण मानेतली रोहिणी दाबली गेली तर ठोके मंदावतात आणि चक्करही येऊ शकते. अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, म्हणून तो वापरत नाहीत. मोजणी थांबल्याबरोबर सुरू व्हायला हवी. तरुण हृदय इतक्या लवकर शांत होते की अर्धा मिनिट उशीर झाला तर आकडा वीस-तीस ठोक्यांनी खाली आलेला असतो. विश्रांतीची नाडी मात्र सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट मोजावी.

यानंतर कमाल ठोक्यांचा अंदाज लागतो. 220 मधून वय वजा करण्याचे सूत्र सगळीकडे चालते. ते 1970 च्या सुमाराचे असून ढोबळ आहे. 2001 साली तनाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांतल्या मोजण्या एकत्र करून 208 वजा वयाच्या सात दशांश असे सूत्र दिले. वीस वर्षांच्या मुलाला पहिल्या सूत्राने 200 आणि दुसऱ्याने 194 ठोके येतात. दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात, आणि एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असणे अगदी नेहमीचे आहे. म्हणून काही महिने नियमित धावलेल्या निरोगी तरुणाने वॉर्मअपनंतर तीन मिनिटांचे दोन-तीन जोरदार टप्पे धावून शेवटी मिळालेला सर्वांत मोठा आकडा आपला मानावा. नवख्याने तो नाद करू नये. त्याला सूत्र पुरेसे आहे.

पुढची पायरी फिनलंडच्या कार्वोनेन यांच्या 1957 च्या अभ्यासातून आली. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा केले की हृदयाकडे किती ठोके राखीव आहेत ते कळते. कमाल 194 आणि सकाळची नाडी 64 असलेल्या मुलाकडे 130 ठोक्यांची राखीव शिल्लक असते. तिचे 60 टक्के म्हणजे 78. त्यात 64 मिळवले की 142. तिचेच 75 टक्के घेतले तर सुमारे 161, आणि 90 टक्के घेतले तर 181. या मुलाचा सावकाश दिवस 142 ते 160 च्या दरम्यान राहायला हवा, आणि जोराचा टप्पा 180 च्या आसपास पोचायला हवा. दहा सेकंदांच्या भाषेत हे सावकाशला 24 ते 26 आणि जोराला 30 एवढे होते. हे तीन आकडे वहीत नव्हे, डोक्यात ठेवण्यासारखे आहेत.

खरी कसोटी सावकाश दिवसाची असते. 25 वर ठोके ठेवायचे म्हटले तर सुरुवातीला किलोमीटरला साडेसहा-सात मिनिटे लागतात, आणि काहींना मधूनमधून चालावेही लागते. रस्त्याने जाणारा-येणारा पाहतो, बरोबरीचे पुढे निघून जातात, आणि मुलगा लाजेने वेग वाढवतो. गटाने धावण्यात उमेद असते, सुरक्षितताही असते. पहाटेच्या अंधारात मुलींसाठी तर गट हवाच. पण चार जणांची हृदये चार वेगवेगळी असतात. गटातल्या सर्वांत जलद मुलाचा सावकाश वेग हा सर्वांत हळू मुलासाठी रोजची शर्यत ठरतो, आणि सगळे एकाच मैदानावर एकाच वेळी राबूनही एकाचे टायमिंग उतरत जाते, दुसऱ्याचे चढते. यावर सोपा उपाय आहे. सावकाश दिवशी गटाने अंतराऐवजी वेळ ठरवावी. चाळीस मिनिटे म्हणजे वीस मिनिटे जाणे आणि वीस मिनिटे परतणे. प्रत्येकाने आपल्या ठोक्यांनी धावावे आणि वळण्याची शिटी झाली की जिथे असेल तिथून मागे फिरावे. परतताना सगळे पुन्हा जवळ येतात, एकटे कोणी मागे राहत नाही. वेग बरोबर असल्याची दुसरी खूण बोलण्यात सापडते. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे.

जोराच्या दिवसासाठी नाडीचा शास्त्रीय वापर जर्मनीत रुजला. 1930 च्या दशकात प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी टप्प्याटप्प्याने धावण्याची पद्धत बसवली. छोट्या अंतरात ठोके 180 पर्यंत न्यायचे आणि 120 वर उतरेपर्यंत विश्रांती घ्यायची. ते उतरायला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला तर अंतर किंवा वेग कमी करायचा. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग 1939 साली मिलानमध्ये 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावला, आणि तो विश्वविक्रम सोळा वर्षे टिकला. त्या पद्धतीतला विश्रांतीचा नियम आजही भरतीच्या मुलांना जसाच्या तसा लागू पडतो. सोळाशेची तयारी करणाऱ्याने चारशेचे पाच-सहा टप्पे मारावेत, प्रत्येक टप्प्यानंतर चालत राहावे, आणि दहा सेकंदांत 20 ठोके मिळाले की पुढचा टप्पा घ्यावा. चौथ्या-पाचव्या टप्प्यानंतर ठोके उतरेनासे झाले तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला असे समजावे. पुढचे टप्पे केवळ थकवा देतात.

सावकाश आणि जोर यांचे प्रमाण किती, या प्रश्नावर नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. उत्तम दर्जाचे स्कीपटू, नौकापटू आणि धावपटू प्रत्यक्षात कसा सराव करतात हे पाहताना पाचातली चार सत्रे सोपी आणि एक सत्र कठीण, असे प्रमाण पुन्हापुन्हा दिसले. मधल्या वेगात ते फार थोडा वेळ घालवत होते. स्पेनमध्ये एस्तेवे-लानाओ आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 12 धावपटूंचे दोन गट पाच महिने वेगवेगळ्या प्रमाणात धावले. दोन्ही गटांना अतिजोराचा भाग जवळपास सारखाच होता. एका गटाचा 80 टक्के वेळ सोप्या वेगात गेला. दुसऱ्याचा तसा वेळ 67 टक्के होता आणि मधल्या वेगाचा वाटा मोठा होता. 10.4 किलोमीटरच्या चाचणीत पहिला गट सरासरी 157 सेकंदांनी सुधारला, दुसरा सुमारे 121 सेकंदांनी. प्रयोग लहान आहे आणि अंतरही सोळाशेपेक्षा मोठे आहे, हे मान्य करायला हवे. तरी त्यातली दिशा महत्त्वाची आहे, कारण मधला वेगच रिसोडच्या रस्त्यांवर सर्वांत जास्त धावला जातो. तो दमवतो एवढा की दुसऱ्या दिवशी जोर लागत नाही, आणि जोराइतका वेग तर देत नाही. आठवड्याला सहा दिवस धावणाऱ्याने मंगळवार आणि शुक्रवार जोराला दिले, बाकीचे चार दिवस नाडीला धरून राहिला आणि रविवारी विसावा घेतला, तर शास्त्र आणि व्यवहार दोन्ही साधतात. टायमिंग पाहायचे ते तीन-चार आठवड्यांतून एकदा.

नाडीचा आकडा ऋतूप्रमाणे सरकतो, आणि वऱ्हाडात तो फार सरकतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेली जमीन पहाटेही पुरती निवत नाही. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तातले पाणी घटते, एका ठोक्यात जाणारे रक्त कमी होते आणि हृदयाला ठोके वाढवून भरपाई करावी लागते. वेग तोच ठेवूनही तासाभरात ठोके दहा-पंधराने वर चढतात. पावसाळ्यात दमट हवेत घाम वाळत नाही, त्याचाही परिणाम असाच. शिवाय काळी माती बुटाला गोळ्याने चिकटते आणि शेतरस्ता सोडून डांबरावर यावे लागते. अशा दिवसांत वेग सोडून द्यावा आणि ठोके धरावेत. याउलट पौष-माघाच्या गारठ्यात त्याच ठोक्यांना किलोमीटरमागे पुष्कळ कमी वेळ लागतो. ती प्रगती समजून हुरळून जाण्यात अर्थ नाही. प्रगती मोजायची तर तोच रस्ता, तीच वेळ आणि साधारण तेच हवामान घ्यावे. 150 ठोक्यांवर पाच किलोमीटरला ऑगस्टमध्ये किती मिनिटे लागली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये किती, ही तुलना खरी. नवरात्राचे उपवास, रमजानचे रोजे, रात्रीचे जागरण, धावण्याआधीचा कडक चहा, या सगळ्यांनी आकडा हलतो.

सकाळची विश्रांतीची नाडी रोज लिहून ठेवली तर ती आणखी एक गोष्ट सांगते. नेहमी 60 असणारी नाडी दोन-तीन दिवस सलग 67-68 दिसली, तर शरीर आदल्या दिवसांतून सावरलेले नसते, किंवा ताप यायच्या बेतात असते. शहरातल्या पुस्तकांत याचे कारण बहुधा जास्त सराव असे दिलेले सापडते. रिसोड तालुक्यात कारण शेतात असू शकते. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत पहाटे धावून आलेला मुलगा दिवसभर विळा घेऊन वाकलेला असतो, आणि मळणीच्या वेळी पोती उचलतो. हा भार कोणत्याच सरावाच्या वेळापत्रकात नसतो. हृदय मात्र तो मोजते. त्या पंधरवड्यात जोराचा दिवस एकच ठेवणे किंवा तोही सोडणे शहाणपणाचे आहे, आणि भरतीची अकॅडमी चालवणाऱ्यांनी सराव बुडवला म्हणून अशा मुलाला रागे भरू नये.

मुलींच्या बाबतीत एक कारण वेगळे तपासावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. हिमोग्लोबिन कमी असले की प्रत्येक ठोक्यागणिक स्नायूंना प्राणवायू कमी मिळतो आणि हृदयाला जास्त धावावे लागते. सावकाश धावूनही ठोके सतत वर, धाप लवकर, टायमिंग महिनोन्‌महिने जागच्या जागी, अशी लक्षणे दिसली तर त्या मुलीला आणखी राउंड मारायला लावणे हा अन्याय आहे. आधी रक्ताची तपासणी करावी. ती ग्रामीण रुग्णालयात होते, लोहाच्या गोळ्याही सरकारी दवाखान्यात मिळतात. रक्त सुधारले की तोच वेग कमी ठोक्यांत जमू लागतो, आणि हा फरक कोणत्याही सरावाने मिळणाऱ्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

उपकरणांबद्दल थोडे. फिनलंडच्या पोलार कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला छातीच्या पट्ट्यातून मनगटावर बिनतारी ठोके दाखवणारे यंत्र आणले. हा पट्टा हृदयाचा विद्युतसंकेत पकडतो, म्हणून आजही तो सर्वांत भरवशाचा आहे. आताची स्वस्त घड्याळे हिरवा उजेड त्वचेत टाकून रक्ताचा प्रवाह वाचतात. सावकाश धावताना ती बऱ्यापैकी बरोबर असतात. वेगाने हात हलताना, घड्याळ सैल असताना किंवा थंडीत ती चुकतात, आणि कधी कधी पावलांचीच गती ठोके म्हणून दाखवतात. घड्याळ घ्यायला पैसे नसतील तर काही बिघडत नाही. दोन बोटे आणि सेकंदकाटा यांवर वर्षभराचा सराव व्यवस्थित चालतो. ते पैसे चांगल्या बुटांवर खर्चावेत.

नाडीला मर्यादा आहेत. शंभर मीटरच्या धावेत आणि गोळाफेकीत तिचा उपयोग नाही, कारण काम सेकंदांत संपते आणि ठोके मागाहून चढतात. ती बेताचा जोर आणि अतिजोर यांतला फरक सांगते, पण दुखरा गुडघा सांगत नाही. धावताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, विश्रांतीतही ठोके अनियमित असणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जोराचा सराव सुरू करू नये. अंगात ताप असताना तर धावूच नये. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटरच्या धावेत काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. उन्हाळ्यात, उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलाने पूर्ण ताकदीने धावणे धोक्याचे आहे, हे प्रत्येक अकॅडमीने मुलांना आधी सांगितले पाहिजे.

चाचणीच्या आधीचे दहा दिवस जोराचे टप्पे निम्मे करावेत आणि सावकाश धावणे थोडे कमी करून चालू ठेवावे. सकाळची नाडी या दिवसांत एक-दोन ठोक्यांनी खाली येते किंवा आहे तिथेच राहते. चाचणीच्या सकाळी ती वर असणारच, कारण भीतीनेही हृदय धडधडते, आणि त्या आकड्यावरून काही ठरवू नये. सोळाशेच्या पहिल्या फेरीत ठोके वेगाच्या मागे असतात, तिसऱ्या फेरीपर्यंत ते कमालीला भिडतात. त्या पाच मिनिटांत बोट मानेवर ठेवायला सवड नसते, आणि तशी गरजही नसते. तेथे पहिली फेरी 77 सेकंदांच्या आत न घालवता धावणे एवढेच सांभाळायचे असते.